शाळेची परसबाग आणि शाळेची चूल : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी टपालात शाळांचीच पत्रं जास्त आली. कुठे परसबाग पिवळी पडली, कुठे लोणच्याला बुरा (बुरशी) आला, कुठे डाळ शिजेना. सगळ्या उत्तरांत आम्ही एक वस्तू गृहीत धरली आहे : एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा. शाळेकडे नसेल तर कुदळ-फावड्याच्या आधी तो घ्या.

आमच्या शाळेमागे ४० बाय १५ फूट मोकळी जागा आहे. माती काळी. गेल्या जुलैत वांगी-मिरचीचं बी टाकलं, ऑगस्टमध्ये रोपं लावली. महिनाभरात निम्मी पिवळी पडून बसली, उरलेली दिवाळीच्या सुट्टीत वाळली. खत कमी पडलं का?
– एक शिक्षक, हिंगणा तालुका

खताचा दोष नाही. पाणी तुंबलं आणि वेळापत्रक चुकलं.

आधी पाण्याचं बघू. काळ्या मातीचे कण ओले झाले की फुगतात, मधल्या पोकळ्या बुजतात आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. मुळं गुदमरली की जमिनीत नत्र असूनही झाडाला ते उचलता येत नाही. पान पिवळं दिसतं, आपण युरिया टाकतो, आणि झाड आणखी लवकर जातं. तुमच्या जागेत पाणी मुरतं का हे पोरांनाच तपासू द्या. एक फूट खोल आणि तेवढाच रुंद खड्डा खणा, काठोकाठ पाणी भरा, ते पूर्ण जिरू द्या. मग दुसऱ्यांदा भरा. दुसऱ्या दिवशी शाळा भरते तेव्हा खड्ड्यात पाणी दिसलं, तर सपाट जमिनीवर पावसाळ्यात काही लावू नका.

उपाय गादीवाफ्यांचा. वाफा ३ फूट रुंद, १० फूट लांब आणि ६ ते ८ इंच उंच करा. ३ फुटांपेक्षा रुंद केला तर चौथीतल्या पोराचा हात मधोमध पोचत नाही, मग ते वाफ्यावर पाय देतं आणि भुसभुशीत केलेली माती पुन्हा दाबून टाकतं. दोन वाफ्यांमध्ये दीड फुटाची वाट ठेवा. तीच पाण्याची चरी, तिला उताराकडे तोंड द्या. वाफे १५ फुटांच्या बाजूला आडवे घेतले तर तुमच्या जागेत आठ वाफे बसतात आणि एका टोकाला साधारण साडेपाच फूट उरतात. तिथे कंपोस्टचा खड्डा आणि अवजारं. दर वाफ्याला २० ते २५ किलो पूर्ण कुजलेलं शेणखत मातीत मिसळा. कुजलं आहे की नाही हे हातात घेऊन कळतं : शेणाचा वास येत नाही, हाताला गरम लागत नाही, चुरा होतो. कच्चं शेण टाकलं तर हुमणी आणि वाळवी दोन्ही पाहुण्या येतात.

माती हलकी करायला वाळू मिसळा असा सल्ला हमखास मिळतो. घमेलं-दोन घमेली वाळूने काळ्या मातीत काही सुधारत नाही, उलट सुकल्यावर ती विटेसारखी घट्ट होते. काळी माती हलकी करायची तर शेणखत, पालापाचोळा, कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा).

खोदायचं कधी, हेही ठरलेलं हवं. शेतकऱ्याच्या घरातलं पोर तुम्हाला 'वाफसा' हा शब्द सांगेल. बाकीच्यांना तो हाताने शिकवा. मूठभर माती घ्या, दाबून लाडू करा, कमरेच्या उंचीवरून सोडा. लाडू चपटा होऊन चिकटला तर जमीन अजून ओली आहे. पडल्यावर फुटून मोकळा झाला तर वाफसा आला. लाडू वळतच नसेल तर उशीर झाला, आधी पाणी द्या. ओल्या काळ्या मातीत कुदळ घातली की नंतर अशी ढेकळं होतात की ती फोडण्यातच अख्खा आठवडा जातो.

आता वेळापत्रक. वांगी-मिरची ही घरच्या परड्यातली पिकं, शाळेची नव्हेत. जुलैत बी टाकलं की तोडा नेमका दिवाळीच्या सुट्टीवर येतो. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडते, तेव्हा पाऊस बहुधा येऊन गेलेला असतो. त्याच आठवड्यात भेंडी, चवळी आणि अंबाडी पेरा. भेंडीचं बी रात्रभर भिजवून दीड फुटावर ओळ आणि एक फुटावर रोप, म्हणजे एका वाफ्यात दोन ओळींत वीस झाडं. पहिली भेंडी ४५ ते ५० दिवसांत, ऑगस्टच्या मध्याला. अंबाडीचा पाला साधारण तेव्हाच खुडायला येतो, आणि ती दणकट असल्याने थोडं दुर्लक्षही सोसते. पहिल्या वर्षी अंबाडी लावाच.

दुसरी पाळी दिवाळीची सुट्टी संपली त्या आठवड्यात : मेथी, पालक, मुळा, सांबार (कोथिंबीर). मेथीला ३० चौरस फुटांच्या वाफ्यात १५ ते २० ग्रॅम बी पुरतं. सहा इंचांवर ओळी, बी एक सेंटिमीटर खोल. सांबारासाठी धने चपलेखाली किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा, १२ तास भिजवा, मगच पेरा. अख्खा धना पेरला की उगवण विरळ होते आणि पोरं चौथ्याच दिवशी माती उकरून बघायला लागतात. सांबार वर यायला ८ ते १२ दिवस घेतो, हे फळ्यावर लिहून ठेवा. मेथी तिसाव्या दिवसाच्या आसपास काढता येते, मुळा पंचेचाळिसाव्या. पालक उपटू नका, दोन बोटं वर कापा. आणखी तीन कापण्या मिळतात. भेदरं (टोमॅटो) हवंच असेल तर रोपवाटिकेतून महिनाभराची रोपं आणून याच वेळी लावा, फळ जानेवारीच्या शेवटी धरेल.

राहिली सुट्टीतली राखण. भेंडी-अंबाडी तोवर टिकली असेल तर दर दोन झाडांमध्ये आतून-बाहेरून न रंगवलेलं पाच लिटरचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरून झाकण ठेवा. मडकं झिरपून फूट-सव्वा फुटाच्या घेरात ओल ठेवतं आणि तीन-चार दिवसांनी एकदा भरलं की भागतं. मातीवर दोन इंच सोयाबीनचं कुटार पसरा. ऑक्टोबरात ते गावात कोणीही देतं.

माझी मुलगी चौथीत आहे. शाळेत 'पाककृती दिन' होता, तिला सुरी दिली. हे वय आहे का?
– एक आई, प्रतापनगर

आहे, सुरी कोणती आणि पोरांजवळ कोण उभं आहे यावर. पहिली-दुसरीला हातानेच काम द्या : मेथी निवडणं, मटार सोलणं, लिंबू पिळणं. तिसरी-चौथीला बोथट टोकाची छोटी सुरी आणि मऊ जिन्नस : केळं, उकडलेला बटाटा, काकडी. गाजर-मुळा पाचवीनंतर. विळी शाळेत नकोच, एका पायाने ती दाबून धरायला पोरांचं वजन पुरत नाही. फळी सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं घाला. बहुतेक बोटं कापतात ती फळी सरकल्याने किंवा धार गेलेल्या सुरीवर जोर काढल्याने. गॅस सातवीपासून, पाच-सहा पोरांमागे एक मोठं माणूस, केस बांधलेले, ओढणी काढून ठेवलेली. भाजलं तर नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही.

आम्ही गच्चीवर मेथी आणि भेदरं वाळवली. मेथी पिवळट-तपकिरी झाली, वास गेला. भेदऱ्याच्या चकत्या कडक झाल्या म्हणून बरणीत भरल्या, दहा दिवसांत बुरा आला. उन्हात तर तीन दिवस ठेवल्या होत्या.
– एक शिक्षिका, मानेवाडा

किती दिवस ठेवल्या यावरून काही कळत नाही. किती ग्रॅम भरल्या हे सांगितलं असतंत तर बुरा येणार हे आम्ही आधीच सांगितलं असतं.

हिशेब असा. किलोभर पिकलेल्या भेदऱ्यात साधारण ९४० ग्रॅम पाणी असतं, म्हणजे कोरडा ऐवज फक्त ६० ग्रॅम. नीट वाळलेल्या चकतीत दहा टक्क्यांच्या आत पाणी राहतं, तेव्हा किलोच्या ६५ ग्रॅमच्या आसपास चकत्या हव्यात. समजा काट्यावर १२० ग्रॅम भरल्या. त्यातले ६० ग्रॅम अजून पाणीच आहे, म्हणजे निम्मं! बाहेरून कडक लागल्या त्या वेगळ्या कारणाने : दुपारच्या कडक उन्हात वरचा थर झपकन वाळला, त्याचं कातडं झालं आणि आतलं पाणी आतच कोंडलं. बरणीत ते हळूहळू बाहेर आलं आणि बुऱ्याला ओल मिळाली.

म्हणून चकत्या सारख्या जाडीच्या, ६ ते ७ मिलिमीटर, कापा. स्टीलच्या जाळीवर एक थर, चकतीला चकती लागू न देता. पहिले दोन तास कोवळ्या उन्हात ठेवा, मग ऊन वाढू द्या. दिवसातून दोनदा उलटा. संध्याकाळी दव पडायच्या आत घरात घ्या. वजनाचा आकडा आला की भरण्याआधी आणखी एक पायरी आहे, आणि तीच सगळे गाळतात. चकत्या काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरून झाकण लावा आणि आठवडाभर रोज हलवा. जास्त ओल्या तुकड्यातली ओल कोरड्यात जाते, सगळ्या सारख्या होतात. या आठवड्यात काचेच्या आतल्या बाजूला एक थेंब जरी दिसला तरी चकत्या परत जाळीवर.

मेथीचं वेगळं. तिचा हिरवा रंग आणि वास दोन्ही थेट उन्हाने जातात. मेथी सावलीत वाळवा. पानं खुडून, धुऊन, पाणी पूर्ण निथळून, सुती कापडावर विरळ पसरा, खिडक्या उघड्या किंवा पंखा चालू. नागपुरात डिसेंबर-जानेवारीत हवा इतकी कोरडी असते की तीन-चार दिवस पुरतात. निवडलेल्या किलोभर पानांचे १५० ग्रॅम व्हायला हवेत. पान चुरगळून बघा : कुरकुरून मोडलं पाहिजे, नुसतं वाकलं तर अजून एक दिवस. सहावी-सातवीला शेकडेवारी शिकवायची असेल तर रोज एकाच वेळी वजन करून आलेख काढू द्या. पहिल्या दिवशी रेघ धडाधड खाली येते, मग सपाट होत जाते, आणि 'अजून किती दिवस' याचं उत्तर ती रेघच देते.

गाजर, मटार वाळवायचे असतील तर आधी उकळत्या पाण्यात तीन मिनिटं घालून लगेच गार पाण्यात काढा. भाजी तोडली तरी तिच्यातली विकरं काम करत राहतात, आणि वाळवल्यावरही रंग-चव बिघडवतात. उकळतं पाणी त्यांना थांबवतं. मिनिटं घड्याळावर मोजा, अंदाजाने 'थोडी शिजवू' म्हटलं की गाजराचा लगदा होतो.

वाळवण एप्रिल-मेमधलं, शाळा तर तेव्हा परीक्षेत किंवा सुट्टीत. मग शिकवायचं कसं?
– एक मुख्याध्यापिका, उमरेड

कुरडया सोडून द्या. तीन दिवस गहू भिजवणं, चीक काढणं, तो गरम चीक साच्यात घालणं हे वर्गाचं काम नाही. मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की मुगवड्या घ्या. ५०० ग्रॅम मुगाची डाळ चार तास भिजवून अर्धा तास चाळणीत निथळा. पाणी न घालता भरड वाटा; त्यात दहा ग्रॅम मीठ, पाच-सहा मिरच्या, आल्याचा तुकडा, जिरं. तेलाचा हात फिरवलेल्या ताटांवर बोरांएवढ्या वड्या. वाटलेली डाळ तासाभराच्या आत घालून संपवा, मार्चच्या उन्हाळ्यात ती पटकन आंबते. दोन-तीन दिवसांत वड्या सुटतात. मग काटा : भिजताना डाळीने घेतलेलं पाणी सगळं परत गेलं पाहिजे, म्हणजे वजन पुन्हा ५०० ग्रॅमच्या जवळपास. ६०० भरलं तर आत ओल आहे. एक वडी मोडून बघा, मधोमध गडद ठिपका दिसेल.

संत्री भरपूर मिळतात म्हणून आठवीच्या मुलांनी मिक्सरमध्ये रस काढला, टिकावा म्हणून उकळला, बाटल्यांत भरला. दुसऱ्या दिवशी कडू जहर. संत्री तर गोड होती.
– एक विज्ञान शिक्षक, काटोल

संत्र्याच्या प्रांतात हा प्रश्न यायचाच. संत्र्याच्या बियांत आणि फोडीच्या पांढऱ्या पापुद्र्यात एक पदार्थ असतो, तो मुळात कडू नसतो. बी किंवा पापुद्रा फुटून तो रसातल्या आम्लाला भेटला की त्याचं लिमोनिन होतं, आणि लिमोनिन अगदी थोडं असलं तरी जिभेला कडू लागतं. ही क्रिया सावकाश होते, म्हणून फोड खाताना किंवा ताजा रस पिताना काही जाणवत नाही. काही तासांनी जाणवतं. उष्णतेने ती झटपट होते. तुम्ही दोन्ही केलंत : मिक्सरने बिया फोडल्या आणि वर उकळलंत.

हे पोरांना चाखून कळेल. चार पेल्यांवर चिठ्ठ्या लावा. पहिल्यात हाताने पिळलेला ताजा रस. दुसऱ्यात तोच रस, पण पाच-सहा चुरडलेल्या बिया घालून दोन तास ठेवलेला. तिसऱ्यात बियांशिवायचा रस पाच मिनिटं गरम करून गार केलेला. चौथ्यात मिक्सरमधला, गरम केलेला. चमचाभर चाखायचा, मध्ये साधं पाणी प्यायचं, वहीत ० ते ५ गुण लिहायचे, शेजाऱ्याच्या वहीत न बघता. रस चाखण्याआधीच्या दोन तासांतच काढा, पेले दिवसभर बाहेर ठेवू नका.

स्क्वॅश करायचा तर जुनी रीत बरोबर आहे, तिच्यात रस चुलीवर जातच नाही. फोडी सोलून पांढरे धागे आणि बिया काढा, कापडातून हाताने पिळा. एक लिटर रसाला दीड किलो साखर, ७०० मिलिलिटर पाणी, २५ ग्रॅम सायट्रिक आम्ल. साखर, पाणी, आम्ल एकत्र उकळा, गाळा, आणि पाक हाताला गार लागेपर्यंत थांबा. मग रस ओता. कोमट पाकात ओतला तरी थोडा कडवटपणा येतोच. घाई करणाऱ्या गटाची बाटली ओळखू येते. साधारण अडीच लिटरच्या थोडं वर स्क्वॅश होतो. एका भागाला तीन भाग गार पाणी घालून प्यायचा.

बाजारचा स्क्वॅश महिनोन्‌महिने टिकतो तो पोटॅशियम मेटाबायसल्फाइटने. शाळेत ते वापरू नका. त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि दम्याच्या पोराला त्याचा त्रास होऊ शकतो. शिवाय लागतं लिटरला अर्धा-पाऊण ग्रॅम, तेवढं अचूक मोजायला तुमचा काटा अपुरा. बाटल्या पाण्यात दहा मिनिटं उकळून कोरड्या करा, स्क्वॅश फ्रिजमध्ये ठेवा, आठवडाभरात संपवा. संत्र्याचे दोन हंगाम : आंबिया बहाराची फळं ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, म्हणजे शाळेच्या वर्षात हा प्रयोग दोनदा होतो, आणि दोन्ही बहारांच्या रसाची तुलनाही. साली कंपोस्टमध्ये चालतात, पण बारीक करून आणि थोड्या. गांडूळखताच्या टाकीत ढीगभर टाकल्या तर गांडुळं सालीच्या तेलापासून दूर पळतात.

शाळेतल्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजतच नाही. पाच शिट्ट्या झाल्या तरी दाणा दाणा. सोडा घालू का?
– एक शिक्षिका, कामठी

सोड्याने शिजेल, पण डाळीतलं ब१ जीवनसत्त्व नासतं आणि वरणाला साबणासारखी चव येते. आधी दोषी शोधा. डाळीच्या दाण्याला पेक्टिन बांधून ठेवतं. पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम जास्त असलं की ते पेक्टिन आणखी घट्ट होतं. आपल्या भागात बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. दोन सारख्या बाटल्यांत एकीत बोअरचं, दुसरीत पिण्याचं फिल्टरचं पाणी घ्या, दोन्हींत साबणाच्या चुऱ्याची सारखी चिमूट टाकून हलवा. बोअरच्या बाटलीत फेस कमी आणि पांढरा साका जास्त दिसला तर पाणीच दोषी.

फिल्टरचं पाणी नसेल तर बोअरचं दहा मिनिटं उकळून गार करा, तळाशी-कडेला पांढरा थर बसला की वरचं ओता. सगळा जडपणा जात नाही, पण बराच उतरतो. डाळ अर्धा तास भिजवा. मीठ, चिंच, भेदरं डाळ शिजून घोटल्यावरच. आंबट आधी पडलं की दाणा मऊ होत नाही. हे सगळं करूनही दाणा राहिला तर डाळ जुनी आहे. गरम-दमट कोठीत वर्ष काढलेली डाळ कोणत्याच पाण्यात नीट शिजत नाही.

प्रमाण सोपं आहे. पोषण आहारात प्राथमिकच्या पोराला २० ग्रॅम डाळ धरलेली असते. तीस पोरांची ६०० ग्रॅम. पाणी तिप्पट, म्हणजे १८०० मिलिलिटर. डाळ-पाणी मिळून अडीच लिटर होतं आणि डाळीसाठी कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नसतो, तेव्हा पाच लिटरचा कुकर काठावर येतो, साडेसात लिटरचा घ्या. डाळ फेसाळते, फेस शिट्टीच्या नळीत अडकतो, वाफ कोंडते आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. चमचाभर तेल आणि हळद घातली की फेस बसतो. लावण्याआधी शिट्टीची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसतं का, हे दोन पोरांनी बघायचं, एकाने नव्हे. आणि शिट्टी वर उचलून वाफ काढायची नाही. कुकर आपोआप बसू द्या, तेवढ्यात भाताचे पेले मोजून होतात. शिजलेला भात-वरण दोन तासांच्या आत खाऊन संपवा, मार्चनंतर तासाभरात. भातात जे जिवाणूंचे बीजकण शिजवूनही उरतात, ते कोमट भातात वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही.

आमच्या गटाच्या लिंबाच्या लोणच्यावर पांढरा बुरा आला आहे. वरचा थर काढून खालचं खाल्लं तर चालेल ना? चव चांगली आहे.
– आठवीतला विद्यार्थी, नंदनवन

नाही. आणि चाखून बघणंही थांबव. बुऱ्याचे धागे डोळ्यांना दिसतात त्याच्या खालीही पसरलेले असतात. आख्खी बरणी टाका.

पुढच्या वेळी असं करा. किलोभर लिंबं धुऊन फडक्याने पुसून तासभर पंख्याखाली ठेवा. बरणी, चमचा, हात, सगळं कोरडं. किलोला २०० ग्रॅम मीठ, काट्यावर मोजून. घरी आजी मुठीने घालते कारण तिच्या मुठीला चाळीस वर्षांचा सराव आहे. पहिले आठ दिवस मीठ विरघळून रस सुटतो, तेव्हा रोज बरणी हलवायची, कारण बुरा येतो तो रसाच्या वर उघड्या राहिलेल्या फोडीवर. फोडी रसात बुडाल्या की त्याला जागाच नाही. बरणी काचेची किंवा चिनी मातीची, झाकण प्लास्टिकचं; पत्र्याचं झाकण मिठाने गंजतं.

आणखी एक, कारण तुझ्या पत्रात 'तेलातला लसूण' करायचा बेत दिसतो. तो बेत सोड. कच्चा लसूण नुसत्या तेलात बाहेर ठेवला की तिथे आम्ल नसतं आणि हवाही नसते, आणि बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष तयार करणाऱ्या जिवाणूला नेमकं असंच घर लागतं. त्याचा वासही येत नाही. लसणाचं लोणचं करायचं तर लिंबाच्या रसात बुडवून, फ्रिजमध्ये.

या सगळ्याला तासिका कुठून आणायच्या? पालक म्हणतात, शेती शिकायला शाळेत पाठवलं नाही.
– एक मुख्याध्यापक, सावनेर

सहावी ते आठवीसाठी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये दहा दप्तराविना दिवस सांगितले आहेत, तिथून सुरुवात करा. बाकीचं गणित आणि विज्ञानाच्या तासांतच बसतं. वरची मेथीची शेकडेवारी वेगळा तास मागत नाही. पालकांना वहीतला तो आलेख दाखवा, भाजी नव्हे. आणि हा विचार आपल्याकडे बाहेरून आलेला नाही. हाताच्या कामातून शिक्षण, हा नई तालीमचा आराखडा १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत मांडला गेला, नागपूरपासून ऐंशी किलोमीटरच्या आत.

चवळीवर काळा मावा आला. शाळेत औषध फवारायची भीती वाटते.
– एक शिक्षिका, मौदा

फवारू नकाच. थोडा असेल तर पाण्याच्या जोरदार धारेने शेंडे धुवा, दोन दिवसांनी पुन्हा. लेडीबर्डच्या अळ्या दिसल्या तर त्या मावाच खातात. त्या काळसर, नारिंगी ठिपक्यांच्या, मगरीसारख्या दिसतात आणि पोरं कीड समजून चिरडतात; आधी ओळख करून द्या.

मावा वाढला तर पाच टक्के निंबोळी अर्क. जून-जुलैत कडुनिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या गोळा करून, गर धुऊन, बिया सावलीत वाळवा. ५० ग्रॅम बियांचा भरडा फडक्यात बांधून लिटरभर पाण्यात रात्रभर बुडवा. सकाळी पुरचुंडी पिळून काढा, गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा घाला, नाहीतर अर्क पानावरून घरंगळतो. फवारणी संध्याकाळी, कोवळ्या शेंड्यांवर आणि पानाच्या खालच्या बाजूने, कारण मावा तिथेच असतो आणि दिवसाच्या उन्हात अर्काचा जोर लवकर उतरतो. सकाळच्या शाळेत संध्याकाळ जमत नसेल तर गाळलेला अर्क अंधारात झाकून ठेवा आणि जवळ राहणाऱ्या कुणाला तरी त्याच दिवशी फवारायला सांगा. उरलेला दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका, कंपोस्टवर ओता. शेंगा तोडल्यावर धुऊनच चुलीकडे.